कपाट, सुई आणि दुसरा दोर

१७ जानेवारी

भाऊजी,

अक्षर बघून दचकू नका. ह्यांची पत्रं मीच लिहायचे. ते खाटेवर आडवे पडून सांगायचे आणि मध्येच "हे खोड, ते घाल" करायचे, त्यामुळे तुम्हाला आजवर माझंच अक्षर येत होतं. आता सांगणारं कुणी नाही, तेव्हा जे येतंय ते सगळं माझंच आहे.

तुम्ही येऊन गेलात, पण त्या गर्दीत आपलं बोलणं झालंच नाही. फोन तर मी आता उचलतच नाही, तो वाजायला लागला की दुसऱ्या खोलीत जाऊन उभी राहते. तसंही आपल्या घरात फोनवर कुणी बोलत नाही, नुसतं हं हं करतात आणि ठेवून देतात. म्हणून तर तुम्हा दोघांनी हे पत्रांचं खूळ काढलं होतं. दोन भाऊ एकाच धंद्यात, दोन शहरांत दोन उंच इमारतींना लटकून काचा पुसणार, आणि सुट्टीच्या दिवशी पत्रातून भांडणार की कुणाची इमारत मोठी. तुम्ही आमच्या इमारतीला कपाट म्हणालात तेव्हा ह्यांना ते असं झोंबलं की तुमच्या इमारतीचं नाव सुई ठेवल्यावरच जेवायला बसले.

शेवटचं पत्र अर्धं राहिलंय. त्यात हे म्हणतात, तुझी सुई उंच भरते ती डोक्यावरच्या लोखंडी काठीच्या जिवावर. माणसाची उंची घेताना टोपी काढायला लावतात, तेव्हा काठी सोडून मोज आणि मग बोल. एवढं झाल्यावर जांभई देऊन म्हणाले, बाकीचं उद्या. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खाऊन, कपाटाच्या तळघरात यांची सामानाची खोली आहे तिथे खुर्चीवर बसले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं.

लोक भेटायला येतात आणि पहिला प्रश्न एकच विचारतात, पडले का? नाही, खुर्चीत गेले म्हटलं की त्यांचा चेहराच उतरतो, जशी काही मी त्यांची फसवणूक केली. इतकी वर्षं भलत्या वेळी फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायचे. ज्याची धास्ती घेतली होती तो फोन कधी आला नाही, हा दुसराच आला.

मी ठीक आहे. पडदे शिवायच्या कारखान्यात जायला लागलेय. जेवते, झोपते. रडू मात्र अजून एकदाही आलेलं नाही. हे कुणाला सांगू नका, आधीच बायका माझ्या तोंडाकडे टक लावून बघत असतात. दात काढल्यावर गाल बधिर असतो ना, तसं सगळं अंग झालंय.

काठीच्या मुद्द्याचं उत्तर मात्र तुमच्याकडून यायला हवं. ते मी ह्यांच्या वतीनं ऐकून घेईन आणि जमलं तर भांडेन.

वहिनी

•

३ फेब्रुवारी

वहिनी,

पाकीट बघून खरंच दचकलो. खोलीत कुणी नव्हतं ते बरं झालं.

मुद्द्याचं आधी. काठी सोडून मोजली तरी सुई कपाटापेक्षा उंच भरते, फार नाही, पण भरते. दादाला हे माहीत होतं. म्हणूनच "बाकीचं उद्या" म्हणाला असणार, कारण पुढे त्याच्याकडे बोलायला काही नव्हतं.

आणि नुसती उंची घेऊन काय करता? कपाट म्हणजे चार सरळ भिंती. वरून दोर सोडला की तो ओळंब्यासारखा खालपर्यंत जातो. त्याची काच पुसणं आणि शाळेतला फळा पुसणं सारखंच. सुई वर निमुळती होत जाते, तिला मध्येमध्ये कंगोरे आहेत, दोर भिंतीला घासतो, वारा एका बाजूनं येतो आणि वळसा घेऊन पाठीमागून धक्का देतो. तळाची काच स्वच्छ होईपर्यंत वरची पुन्हा मळलेली असते, ते काय दोन्हीकडे सारखंच. पण कष्ट कुठे जास्त, हे तुम्हीच ठरवा.

तुमच्याकडून परतलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी कामावर गेलो. सुपरवायझर म्हणाला, थोडे दिवस थांब. मी म्हटलं, घरी बसून काय करू. माझा जोडीदार आहे ना, ज्याला सगळे मामा म्हणतात, त्यानं नेहमीप्रमाणे माझा दोराला अडकवायचा पट्टा धरून दोनदा जोरात ओढून बघितला, मी त्याचा ओढला, आणि आम्ही उतरलो.

एक चांगली गोष्ट सांगतो. पूर्वी कठड्याबाहेर पाय टाकताना पोटात गोळा यायचा. पहिल्या वर्षी तर मी ओकायचो, हे दादानं तुम्हाला हसून हसून सांगितलं असेलच. आता तो गोळा येत नाही. हात कोरडे असतात. खाली बघतो तर गाड्या दिसतात, बस. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आरामात काम होतंय.

तुमचंही हळूहळू होईल ठीक. रडू येत नाही याचं मनाला लावून घेऊ नका. मलाही कुठे आलंय.

धाकटा

•

२० फेब्रुवारी

भाऊजी,

परवा कपाटात जाऊन ह्यांचं सामान घेऊन आले. त्यांचा मुकादम म्हणजे एवढा धिप्पाड माणूस. पट्टा, बूट आणि काच पुसायचा वायपर एका पिशवीत घालून माझ्या हातात दिला आणि स्वतःच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मलाच त्याला म्हणावं लागलं की असू दे, होतं असं. वायपरच्या दांड्याला मी एकदा पडद्याच्या कापडाची चिंधी गुंडाळून दिली होती, हाताला फोड येतात म्हणून. ती तशीच आहे, काळी झालीय.

बाहेर येऊन रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले आणि कपाट वरपर्यंत बघितलं. मान दुखेस्तोवर बघितलं. वाटलं होतं काहीतरी होईल आत. काही झालं नाही. एक बाई म्हणाली, ताई, बाजूला व्हा, वाटेत उभ्या आहात.

तुमचा फळ्याचा मुद्दा मी ह्यांच्या वतीनं फेटाळते. सरळ भिंतीवर आधाराला काही नसतं. सुईला कंगोरे आहेत म्हणता, म्हणजे पाय टेकायला जागा आहे. हे म्हणाले असते, पायऱ्या असलेल्या इमारतीवर कुणीही चढेल. आणि कारखान्यात सध्या अशाच एका उंच इमारतीतल्या घराचे पडदे आहेत माझ्याकडे. जमिनीपासून छतापर्यंत काच लावून घ्यायची, ती तुमच्यासारख्यांकडून पुसून घ्यायची, आणि मग ऊन येतं म्हणून आमच्याकडून पडदे शिवून ती झाकायची. माणसांना कामं पुरवायला किती त्रास घेतात बिचारे.

पण गोळा येत नाही हे काय लिहिलंत? ते वाचून मी थांबले. तुमच्या दादांना रोज भीती वाटायची. तुम्हाला त्यांनी सांगितलं नसेल, मोठेपणा जातो ना. सकाळी बुटांच्या नाड्या बांधायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे. त्या वेळात मी त्यांच्याशी बोलायचे नाही, असं ठरलेलंच होतं आमचं. एक दिवस गुणगुणत उठले, बूट घालून दारापर्यंत गेले आणि परत येऊन म्हणाले, आज जात नाही. मी विचारलं, ताप आहे का. म्हणाले, नाही, आज मजेत आहे, पोटात काहीच होत नाहीये, अशा माणसानं वर जाऊ नये. रजा टाकली आणि दिवसभर घरात बसून माझं डोकं खाल्लं.

तुम्हीही टाका की रजा. चार दिवस टाका.

वहिनी

•

११ मार्च

वहिनी,

रजेचं बघू.

रागावू नका, पण दादाची ती नाड्यांची गोष्ट वाचून मला बरं वाटलं नाही, उलट डोकं फिरलं. त्यानं सगळं पाळलं. नाड्या दोनदा, पट्ट्याच्या कड्या तीनदा, वारा जरा वाढला की काम बंद. मी त्याची टिंगल करायचो की तू दोराची पूजाच करत बस. आणि शेवटी काय झालं? जमिनीच्याही खाली, तळघरात, खुर्चीवर. मग ते सगळं जपणं कशासाठी होतं, मला कुणी सांगेल का?

तुम्हाला माहीतच आहे, आम्ही दोन दोर लावतो. एका दोरावर उतरायचं, दुसरा नुसता सोबतीला, पहिल्याचं काही बरंवाईट झालं तर असावा म्हणून. पहिल्याचं काही झालेलं मी तरी अजून पाहिलेलं नाही. कपाटावर दोन दोर सोडणं सोपं आहे, सरळ भिंत, दोन्ही आपापले लोंबत राहतात. सुईवर दुसरा दोर कंगोऱ्यात अडकतो, तो सोडवत बसायचं, त्यात अर्धा दिवस जातो. तेव्हा वरच्या निमुळत्या भागात मी तो लावत नाही. दोन्ही इमारतींना एकच नियम कसा चालेल? दादा असता तर हे त्यालाही पटवून दिलं असतं.

मामा कुरकुर करतो. त्याचं वय झालंय.

बाकी सुईवरून हल्ली हवा स्वच्छ असली की पार नदीच्या वळणापर्यंत दिसतं. कपाटावरून काय दिसतं, समोरच्या इमारतीची पाठ. हा मुद्दा माझ्या खात्यावर लिहा.

धाकटा

•

१५ मार्च

भाऊजी,

आज मुद्दे नाहीत.

दुसरा दोर लावा. अडकत असेल तर सोडवत बसा, अर्धा दिवस गेला तर जाऊ दे, तुम्हाला कुठे गाडी पकडायची आहे.

ह्यांनी जपलं ते खुर्चीत मरण्यासाठी नव्हतं, संध्याकाळी घरी यायचं म्हणून होतं. रोज आले. मी रोज दार उघडलं. तुम्ही विचारलंत कशासाठी, म्हणून सांगते.

मला तुमची काळजी वाटायला हवी. खरं सांगायचं तर तीही वाटत नाहीये, आत हात घालून बघितलं तर काहीच हाताला लागत नाही. पण वाटायला हवी एवढं मला कळतं, म्हणून लिहून ठेवते.

उत्तर लगेच पाठवा.

वहिनी

•

२२ एप्रिल

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. खांदा दुखत होता, लिहिता येत नव्हतं.

काही विशेष झालं नाही. वरच्या भागात होतो, वाऱ्यानं उचललं आणि काचेवर आपटलं, मग पुन्हा लांब नेलं आणि पुन्हा आपटलं. काच शाबूत, मीही शाबूत. आतल्या बाईच्या हातातला कप मात्र फुटला. ती तोंडावर हात धरून उभी होती, आणि मी तिला हातानं खूण केली की ठीक आहे. हो, तुम्ही विचारणारच, तर दुसरा दोर नव्हता. पहिल्यानं धरलं. त्याचं कामच आहे ते.

सांगायचं म्हणजे, त्या वेळीही मला काही वाटलं नाही. लोंबकळत असताना मी चक्क हा विचार करत होतो की आज भाजी आणायची राहिलीय.

आता खरी बातमी. तुम्ही म्हणता ना, काठी धरायची की सोडायची? तो वाद मी जागेवर जाऊन मिटवतोय. काठीच्या टोकाला विमानांसाठी लाल दिवा असतो, तो बदलायचाय. दरवेळी त्यासाठी बाहेरून माणूस यायचा, या वेळी आमच्यातच विचारलं. सगळे बुटांकडे बघत राहिले आणि मी हात वर केला. मेच्या तिसऱ्या आठवड्यात वारा कमी असेल तेव्हा. तिथे वरून दोर सोडता येत नाही, कडी अडकवत अडकवत चढायचं. दोन कड्या वापरायच्या असतात, एक सोडायच्या आधी दुसरी लावायची. त्यात वेळ जातो, मी एकाच कडीवर जाईन.

मामा माझ्याशी बोलत नाही. माझा पट्टाही ओढत नाही, म्हणतो, ज्याला स्वतःची पडलेली नाही त्याचा पट्टा मी का ओढू. बरं आहे, शांतता आहे.

दादा असता तर जळला असता. कपाटाला काठी नाही.

धाकटा

•

३० एप्रिल

भाऊजी,

पत्र वाचलं. घडी घालून ठेवलं आणि उरलेली झालर शिवून पूर्ण केली. हात नीट चालत होते.

मग मुकादमाकडे गेले. म्हटलं, मला एकदा वर ने. इतकी वर्षं हे तिथे होते आणि मी कधी गच्ची पाहिलेली नाही. तो नाही नाही म्हणत घेऊन गेला. भाऊजी, तुम्ही म्हणता ते खोटं आहे, कपाटावरून समोरच्या इमारतीची पाठ दिसते खरी, पण तिच्या बाजूनं अख्खं शहर दिसतं, आमच्या कारखान्याचं पत्र्याचं छप्परसुद्धा. कठड्यापाशी गेले. खाली बघितलं. मुकादमानं माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला. मला काहीही झालं नाही. पायरीवरून रस्त्याकडे बघावं तसं बघत होते.

तुम्ही लिहिलंत तसंच. मला पहिल्यांदाच नीट कळलं तुम्हाला काय होतंय ते.

तेव्हा मी ठरवलंय की ह्यांच्या पट्ट्यानं, ह्यांच्या बुटात कापड कोंबून, एकदा उतरायचं. गच्चीखालच्या पहिल्या खिडकीपर्यंत, एवढंच. ती एक काच पुसायची. मुकादमानं आधी उडवून लावलं. मग मी रोज कारखाना सुटल्यावर त्याच्या खोलीबाहेर जाऊन बसायला लागले, तेव्हा वैतागून म्हणाला, आधी गाड्या लावायच्या जागेतल्या ठेंगण्या भिंतीवर शीक. शिकले. तिथे दोनदा उतरले. आता तो हो म्हणालाय, त्याच्या हाताखालची पोरं पण म्हणाली, दादांच्या बायकोसाठी करू.

एकच प्रश्न राहिलाय. मुकादम म्हणतो दोन दोर. मी म्हटलं, आमच्या घरात दोरातलं कळणारं आता एकच माणूस आहे, त्याला विचारते. तुमच्या मते दुसरा नडतो. कपाटाची भिंत सरळ आहे, अंतर थोडं आहे, मला वाटतं मी एकावरच जावं. तो पट्टा ओढून बघायचा प्रकारही नको वाटतो, उगाच कशाला कुणी अंगाला हात लावायचा.

तुम्ही काय म्हणता ते कळवा. पत्र आलं की उतरेन.

वहिनी

•

४ मे

वहिनी,

तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?

काल पत्र मिळाल्यापासून फोन करतोय, तुम्ही उचलत नाही. उचला ना, देवासाठी उचला. हे कुरिअरनं पाठवतोय, उद्या मिळायला हवं. मिळालं की आधी खाली बसा आणि शेवटपर्यंत वाचा.

उतरायचं नाही. पहिल्या खिडकीपर्यंत नाही, वीतभरसुद्धा नाही. मुकादमाला म्हणावं, मी तिथे येऊन त्याचे पाय मोडतो. तो शुद्धीवर आहे का? बाईमाणसाला, तेही घरात असं झालेलं असताना?

आणि मला माहीत आहे तुम्ही कुणाचं ऐकत नाही, दादा हेच सांगत सांगत मेला. म्हणून जर उतरलातच, तर दोन दोर. दोन. दोन्ही वेगवेगळ्या खांबांना बांधलेले, एकाच खांबाला दोन्ही नाहीत. गाठ स्वतः जाऊन बघायची, कुणी "बांधलंय" म्हणालं म्हणून विश्वास ठेवायचा नाही. कठड्याच्या कडेवर दोराखाली रबरी पट्टी आहे का बघायची, नसेल तर तिथूनच परत. सिमेंटची कड दोर कशी खाते ते मी पाहिलंय. हो, पाहिलंय. मागे तुम्हाला लिहिलं की काही झालेलं पाहिलं नाही, ते खोटं लिहिलं होतं. कडीचं झाकण फिरवून घट्ट करायचं आणि मग बोटानं दाबून बघायचं. केस बांधायचे. बांगड्या, अंगठी, गळ्यातलं सगळं काढून ठेवायचं. ओढणी नको, पदर नको. दादाचे बूट अजिबात नकोत, कापड कोंबून बूट होत नाहीत, पाय आत फिरतो, तुमच्या मापाचे घ्या. पोटात काहीतरी घालून जा. लघवीला जाऊन या, लाजू नका, वर अडकलात तर तास जातात.

आणि पट्टा ओढायला लावायचा. मुकादमानं दोन्ही हातांनी धरून ओढायचा, तुम्ही मागे कोलमडेपर्यंत. त्यानं हळू ओढला तर ओरडा त्याच्यावर. अंगाला हात कशाला म्हणता? वहिनी, तो हात म्हणजे कुणालातरी तुम्ही परत हव्या आहात एवढंच असतं. त्याशिवाय कठडा ओलांडायचा नाही.

कठड्यावर बसल्यावर पोटात गोळा आला नाही तर परत फिरा. ऐकताय ना? काही वाटत नसेल तर परत फिरायचं. त्या माणसाला वाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही, हात कुठे आहे ते कळत नाही, तो भाजीचा विचार करत लटकलेला असतो.

बघा, माझं अक्षर बघा. हात कापतोय. काल रात्रीपासून कापतोय. मला वाटलं होतं आता असं काही होत नाही मला.

आई मला आठवतसुद्धा नाही, तुम्हाला माहीत आहे. वडील असून नसल्यासारखे. दादा होता, आणि त्याच्यामागे तुम्ही. आता मला तुमच्याशिवाय कुणी नाही, हे मी कधी बोललो नसतो, पण ते तसं आहे. मी आल्याशिवाय त्या गच्चीचा जिनासुद्धा चढायचा नाही. शपथ आहे माझी.

धाकटा

•

९ मे

भाऊजी,

पत्र कारखान्यात आलं. मी मशीनवरच वाचलं. "लघवीला जाऊन या" पर्यंत आले आणि मला हसू आलं, मोठ्यानं, सगळ्याजणी बघायला लागल्या. पट्टा ओढण्यापाशी आले आणि ते हसू कधी फिरलं मला कळलंच नाही. मालकीणबाईंनी मशीन बंद केलं. कुणाच्या तरी दिवाणखान्याचा पांढरा पडदा मांडीवर होता, त्यात तोंड खुपसून मी रडले. इतकं रडले की तो पडदा धुवायला टाकावा लागला. एक शिकाऊ पोरगी घाबरून पाणी घेऊन आली आणि पाणी हातात धरून तीच रडायला लागली.

घरी आले. जिना दुसऱ्या मजल्यापर्यंत कठडा धरून चढले. गच्चीवरून खाली बघितलेलं ते सगळं तेव्हा डोळ्यांसमोर आलं आणि मी पायरीवर बसून राहिले. मी तिथे वाकले होते, भाऊजी, आणि मला काहीच वाटलं नव्हतं. त्याची आता धडकी भरते.

तुम्हाला वाटेल वहिनीनं युक्ती केली, दिराला धडा शिकवला. तसं नाही. थोडं चिडून लिहिलं होतं, ते कबूल. पण उतरणार होते. मुकादमाला वार सांगून ठेवला होता. एका दोरावर जायला निघाले होते आणि पुढे काय झालं असतं याचा मी विचारच केला नव्हता, करावासा वाटत नव्हता. आता नाही उतरणार. मुकादमाला सांगितलं तर त्यानं खुर्ची ओढून बसून घेतलं आणि कपाळावरचा घाम पुसला.

आता तुमचं. तुम्ही मला जे लिहिलंत ते पत्र या पाकिटात परत पाठवतेय. ते मी मामांच्या नावे पाठवतेय असं समजा. काठीवर चढायच्या आधी त्यांना वाचायला द्या, आणि त्यांना म्हणावं, वहिनीनं विचारलंय की पट्टा कोण ओढणार.

मला तुमची काळजी वाटते. हे लिहिताना वाटतेय.

वहिनी

•

१८ मे

वहिनी,

पत्र मामाला दिलं. त्याला चष्मा नव्हता, म्हणून त्यानं ते सुपरवायझरकडे दिलं आणि त्या शहाण्यानं गच्चीवर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. लघवीच्या ओळीला सगळे हसले. पुढे कुणी हसलं नाही. मामा उठला, माझ्यामागे आला आणि पट्टा असा ओढला की मी त्याच्या अंगावरच पडलो.

मग मी काठीच्या पायथ्याशी गेलो. दोन कड्या घेतल्या. पहिली लावली, दुसरी लावली, एक पाय वर ठेवला आणि वर बघितलं. पोटात गोळा आला. इतका मोठा कधीच आला नव्हता. पाय उचलेना. वारा केवढा होता ते तेव्हा ऐकू आलं. मामाला म्हटलं, मला भीती वाटतेय. तो म्हणाला, मग ये खाली.

खाली आलो आणि तिथेच बसलो. दादा गेला, वहिनी. मला ते त्या गच्चीवर कळलं. तुमच्याकडे आलो होतो, खांदा दिला होता, चार लोकांशी बोललो होतो, पण कळलं ते काल. मामा शेजारी बसून राहिला. बाकीचे काम थांबवून इकडे तिकडे बघत उभे होते.

दिवा बदलायला बाहेरून माणूस येणार आहे. सुपरवायझर तोंड वाकडं करतोय, करू दे. रजा टाकलीय. मामानं गाडीत बसवून देतो म्हटलं, मी म्हटलं मी काय लहान आहे का, तरी गाडीपर्यंत येतोय.

हे कुरिअरनं टाकतोय, उद्या संध्याकाळी मीही पोचेन. कपाट बघायला जाऊ दोघं. खालूनच.

धाकटा